चुकलेल्याच्या शेजारी

आधी उजवा गुडघा बाकाखाली घालावा की डावा, हे न ठरल्यामुळे सर जरा वेळ तसेच अर्धवट वाकून उभे राहिले. बाक चौथीच्या मुलांचा होता. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी मुलांना “नीट बस” म्हणण्यात घालवली होती आणि या बाकावर नीट बसताच येत नाही, हे त्यांना आज, केस पिकल्यावर, कळत होतं. शेवटी त्यांनी दोन्ही पाय बाहेर वाटेत सोडले आणि हात मांडीवर ठेवले.

“पाय आत घ्या,” काकू कुजबुजल्या. “येणारा-जाणारा अडखळेल.”

“आत घेतले तर परत निघायचे नाहीत.”

“मग राहा इथेच. नाहीतरी जन्म याच इमारतीत काढलात.”

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. अख्खं गाव त्यांना काकूच म्हणे. त्या थोडा वेळ त्यांच्या शेजारी टेकल्या, मग पर्स उचलून उठल्या. “मला इथून फळा दिसत नाही,” असं म्हणत पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि समोरच्या गल्लीत कोणाकडे कोण आलं, हे त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्वच्छ दिसत असे. शेजारची जागा रिकामी राहिली. ती घ्यायची छाती कोणाची नव्हती. जमलेल्या मंडळींपैकी बहुतेक सगळे सरांच्या हाताखालून गेलेले होते. बेकरीवाल्याने तर दारातच सरांना पाहून तोंडातलं च्युइंगम गिळून टाकलं होतं.

शाळा सरकारी. भिंती, खडू आणि पगार सरकार देई. पण एखाद्या शिक्षकाला काही नवं करून बघायचं असेल, तर त्यासाठी सरकारच्या खिशाला कप्पाच नव्हता. तो कप्पा गावाने शिवला होता. दरवर्षी लोक शाळेसाठी निधी गोळा करत, आणि त्याची रीत मोठी सुटसुटीत होती. पैसे मागणाऱ्या शिक्षकाने भाषण करायचं नाही, देणाऱ्यांना बाकावर बसवून एक तास शिकवायचं. घंटा झाली की ज्याला पटलं नसेल त्याने उठून घरी जावं. जो बसून राहील त्याने ऐपतीप्रमाणे द्यावं. चर्चा नाही, मतदान नाही. रीत सुटसुटीत होती तशी निष्ठुरही होती, कारण रिकामे होत जाणारे बाक शिक्षकाला फळ्यापाशी उभं राहून बघावे लागत.

आज शिकवणार होती ती सरांची लेक.

गेल्या वर्षीही तिनेच शिकवलं होतं. सर तेव्हा मागे, खुर्चीवर बसले होते. निवृत्त मुख्याध्यापकाला बाकावर बसा म्हणायचं कोणी? तिने या शाळेत शिकवायला लागल्यालागल्या फळ्यापुढचा लाकडी प्लॅटफॉर्म काढून टाकलेला होता. त्या प्लॅटफॉर्मवर सर तीस वर्षं उभे राहिले होते, आणि त्याच्या फळ्यांची तिने पुस्तकांसाठी मांडणी करून घेतली होती. ते पाहूनच सरांचं डोकं फिरलं. तास कसा झाला, ते त्यांनी ऐकलंच नाही. घंटा झाल्याबरोबर ते उठले आणि जाता जाता भिंतीवर लावलेल्या मुलांच्या चुकांकडे बोट दाखवून म्हणाले, “चुका भिंतीवर टांगायच्या म्हणजे ही शाळा झाली की कपडे वाळत घालायची गच्ची?”

सगळे हसले. आणि मग सगळे उठलेही. यात कोणाचं काही मत होतं असं नाही. सर उठले की उठायचं, हे त्या सगळ्यांच्या पायांना लहानपणापासून माहीत होतं. डोक्याला कळेपर्यंत पाय दारापाशी पोचले होते, आणि परत जाऊन बसायचं तर ते कसं दिसेल, म्हणून कोणी परत आलं नाही. लेक फळा पुसत राहिली. तिने घरी येऊन एक शब्द काढला नाही. त्याच आठवड्यात तिने शाळेजवळ एक खोली भाड्याने घेतली. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं.

तेव्हापासून ती घरी यायची ती सर फिरायला गेल्यावर. सर परत यायचे तेव्हा सिंकपाशी दोन कप धुऊन पालथे घातलेले असायचे. ते लवकर परतायला लागले तर ती आणखी लवकर येऊन जायला लागली. “मी काय पोस्टमन आहे का?” काकू एकदा चिडून म्हणाल्या होत्या. “तिला सांगा, ह्यांना सांग. खाण तशी माती. दोघांनाही वाकायचं म्हटलं की मान मोडते.” सर हसले नाहीत. जेवणाच्या टेबलावर पूर्वी दोघं वह्या तपासत बसत. ती त्यांचा लाल पेन पळवायची, ते कुरकुरायचे, आणि त्या कुरकुरीत संध्याकाळ कशी निघून जायची ते कळायचं नाही. आता ते टेबलापाशी बसून वर्तमानपत्र वाचत आणि समोरची खुर्ची कोणी आत सरकवली तर उठून पुन्हा बाहेर ओढून ठेवत. त्यांना लेक हवी होती. माफी वगैरे मागणं त्यांना जमणारं नव्हतं, त्याचे शब्दच त्यांच्याकडे नव्हते. तिने फक्त एकदा शेजारी येऊन बसावं आणि कशावर तरी दोन वाक्यं बोलावीत, एवढंच. म्हणून ते आज कोणी न बोलावता आले होते आणि खुर्ची समोर ठेवलेली असताना बाकावर बसले होते.

लेक आत आली. हातात बिस्किटांचा जुना डबा. सरांना पाहून तिचं पाऊल जरासं अडलं. मग तिने सगळ्यांकडे पाहावं तसं त्यांच्याकडेही पाहिलं.

“बसा, बसा,” ती म्हणाली, कारण अर्धा वर्ग उठायला लागला होता.

“माझ्या वर्गाचा एकच नियम आहे,” तिने सुरुवात केली. “इथे चूक खोडत नाहीत. ज्याचं उत्तर चुकेल त्याच्या शेजारी मी जाऊन बसते. त्या उत्तरापर्यंत तो कसा आला, ते त्याने मला दाखवायचं. बाकीच्यांनी आमच्याभोवती यायचं. बहुतेक वेळा त्या वाटेवरच बरोबर उत्तर पडलेलं असतं. मग ती चूक आम्ही भिंतीवर लावतो, नावासकट. कारण ती त्याने वर्गाला दिलेली असते.” तिने पायाने एक बाक ढकलून दाखवला. तो हलला नाही. “हे बाक जमिनीला ठोकलेले आहेत. चुकलेल्याभोवती मुलांना जमताच येत नाही. मला हलणारी टेबलं हवी आहेत, तराजू, मापं आणि लाकडाचे ठोकळे. बस्स. आता मी जास्त बोलत नाही.”

सरांनी शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

तिने डब्यातून दोऱ्या काढल्या. प्रत्येक बाकावर टोकं गाठ मारून जोडलेली एकेक दोरी, पुठ्ठ्याचे थोडे चौकोन, एकेक पाटी. तिच्या हातात दोरी दिसताच सरांनी प्रश्न ओळखला. अगं, हा नको, ते मनात म्हणाले. दुसरा कुठलाही घे, हा नको.

“समजा, या दोरीचा मी चौरस केला,” लेक म्हणाली. “मग तीच दोरी ओढून लांबट आयत केला. दोरी तेवढीच. तर आतली जागा तेवढीच राहील, की बदलेल? बोलू नका. पाटीवर लिहा.”

हा सरांचा प्रश्न होता. दरवर्षी चौथीच्या वर्गात ते तो टाकायचे आणि निम्मा वर्ग गाळात जायचा. लेकीने तो उचलला होता कारण तिच्या वर्गातही तेच व्हायचं. निम्मी मुलं चुकायची, निम्मी त्यांच्याशी भांडायची, आणि त्या भांडणातून वर्षातला सगळ्यात सुंदर तास उभा राहायचा. तिने मुलांचा हिशेब धरला होता. ही मोठी माणसं लहानपणी कोणाच्या वर्गात बसली होती, हे मात्र तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही गावात ती चूक झाली नसती.

पाट्या वर झाल्या. बदलेल. बदलेल. बदलेल. काकूंच्या पाटीवरसुद्धा.

“सरांनी ठोकून बसवलंय,” बेकरीवाला अभिमानाने म्हणाला. “झोपेतून उठवून विचारलं तरी हेच सांगू.”

“बरं, पण का बदलेल?” लेकीने विचारलं.

“का म्हणजे? बदलतं. नियमच आहे तसा.”

“परिमिती सारखी म्हणून क्षेत्रफळ सारखं असेलच असं नाही,” मागून प्लंबर म्हणाला, आणि बघता बघता सगळा वर्ग एका सुरात तेच वाक्य म्हणायला लागला. म्हणून झाल्यावर सगळे खुशीत हसले. बरोबर उत्तर हातात होतं, आता शोधायचं काय?

दातांच्या डॉक्टरीणबाई निधीच्या चिटणीस होत्या. त्यांनी हळूच विचारलं, “बाई, सगळ्यांचं बरोबर आलं की. मग आता पुढे काय?”

लेकीने केस कानामागे सारले. लगेच पुन्हा सारले, जरी ते पुढे आलेले नव्हते. गणित अडलं की ती लहानपणापासून हेच करायची. कोणाच्या तरी पर्सची चेन वाजली. कोणी तरी जांभई दाबली. तास जागच्या जागी मरत होता आणि ते सरांना तिच्या मानेवर चढलेल्या लालीवरून दिसत होतं.

त्यांची पाटी अजून पालथी होती. त्यांनी ती उलटी केली. मोत्यासारख्या अक्षरात “बदलेल” लिहिलेलं होतं. सरांनी ते शर्टाच्या बाहीने पुसलं. बाहीने पाटी पुसणाऱ्याला त्यांनी आयुष्यभर फैलावर घेतलं होतं. मग त्यांनी दुसरं काही लिहिलं आणि पाटी वर धरली.

बेकरीवाला वळून बघत होता. त्याने मोठ्याने वाचलं, “तेवढीच... राहील?”

“सर, गंमत करताय होय?” प्लंबर हसला. कोणी हसलं नाही म्हणून तोही थांबला. “याच प्रश्नावर तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतंत.”

“केलं असेल,” सर म्हणाले. “आज मला असं वाटतंय.”

गाव त्यांना पाठीमागे बिनचूक सर म्हणायचं. हे त्यांना माहीत होतं आणि त्याचा त्यांना गर्वही होता, का नसावा? आता बेकरीवाला, त्यांना बनियनवर पाहिल्यासारखा, दुसरीकडे बघत होता. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर ‘वय झालं हो’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि ते सरांना फार लागलं. उद्या बेकरीत, परवा दवाखान्यात हेच बोललं जाणार होतं. हात खाली घ्यावा असं त्यांना वाटून गेलं. पण त्यांनी पाटी तशीच धरून ठेवली. पहिल्या बाकावर काकूंनी पूर्ण वळून ती वाचली, नवऱ्याकडे बघितलं आणि मग त्या बराच वेळ पर्समध्ये रुमाल शोधत बसल्या.

लेक जागची हलली नव्हती. ती पाटीकडे बघत होती. सर्वांना फसवता येईल, तिला नाही, हे सरांना ठाऊक होतं. हाच प्रश्न त्यांनी तिलाही शिकवला होता. तिने आता “सर, चेष्टा पुरे” म्हटलं असतं तरी कोणी तिला नावं ठेवली नसती.

ती बाकांच्या मधून चालत आली.

“पाय आत घ्या, सर.”

त्यांनी घेतले. गुडघा फळीवर आपटला, तो त्यांनी आपटू दिला. ती शेजारी बसली. बाक मुलांचा, त्यामुळे खांद्याला खांदा लागणारच होता. ती इतक्या जवळ बसून एक वर्ष झालं होतं आणि सरांना समोरचा फळा नीट दिसेना.

“आबा, हे काय चाललंय?” तिने ओठ न हलवता विचारलं.

“तुझाच नियम आहे ना?”

तिने त्यांच्या हातातली पाटी घेऊन बाकावर ठेवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तुम्ही या उत्तरापर्यंत कसे आलात, ते मला दाखवा.”

इथे सर खरोखरच अडकले. चूक लिहिणं सोपं होतं, पण चुकीपर्यंतची वाट त्यांना माहीत नव्हती. त्यांनी हजारो चुकांवर काट मारली होती; त्या कुठून आल्या ते एकदाही विचारलं नव्हतं. वर्ग वाट बघत होता. त्यांनी दोरी हातात घेतली, गाठ चाचपली. आणि त्यांना एक आठवली. जेवणाचं टेबल, पुढचे दात पडलेली एक मुलगी, बोटात ओढून धरलेली लोकरीची दोरी.

“दोरी कुठे गेली नाही,” सर म्हणाले, “मग आतली जागा कुठे पळून जाईल?”

लेकीचा हात बाकावरच थबकला. ते वाक्य तिचं होतं, शब्दाला शब्द. त्या दिवशी सरांनी त्यावर काट मारून तिला नियम पानभर लिहायला लावला होता. ते वाक्य आपल्यापाशी इतकी वर्षं जपून राहिलंय, हे त्यांनाही आत्ताच कळत होतं.

“चांगला विचार आहे,” ती म्हणाली. मग वर्गाकडे वळून पुन्हा म्हणाली, “फार चांगला विचार आहे. बघू या, कुठे पळते ती.”

तिने दोरीचे दोन कोपरे त्यांच्या दोन तर्जन्यांत अडकवले, दोन आपल्या. दोघांच्या मध्ये चौरस झाला. बेकरीवाला बाकावरून वाकून त्यात पुठ्ठ्याचे चौकोन मांडायला लागला.

“आता तुम्ही तिकडे सरका. मी इकडे सरकते. हळू.”

ते सरकले. प्रत्येकाची दोन बोटं एकमेकांजवळ येत गेली, दोरी लांबट होत गेली.

“अरे, बाहेर पडायला लागले!” बेकरीवाला ओरडला. “हा बघा एक. हा दुसरा!”

बाप बाकाच्या एका टोकाला आणि लेक दुसऱ्या. दोरीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटल्या. आत नख घालायलाही जागा उरली नाही.

“गेली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण दोरी तर तेवढीच आहे.”

“पाणी भरताना रबरी पाइप दाबला की!” प्लंबर एकदम उभा राहिला. “पाइप तोच, पण चपटा झाला की धार बारीक होते. च्यायला... माफ करा सर. रोज बघतो की मी हे!”

मग कोणी कोणाचं ऐकेना. जास्तीत जास्त जागा कधी होईल, चौरसात की गोलात, यावर बेकरीवाल्याची आणि प्लंबरची जुंपली. डॉक्टरीणबाई साडी आवरून जमिनीवर बसल्या, कारण ठोकलेल्या बाकांमध्ये दोरी पसरायला जागाच नव्हती. “गोलच,” काकू ठासून सांगत होत्या, आणि आपल्या दोरीत पुठ्ठे कोंबत होत्या. नियम सगळ्यांना पाठ होता, तरी आज पहिल्यांदाच कोणीतरी खरं सांगितल्यासारखे सगळे त्याच्याकडे बघत होते. सरांना ते कबूल करायला आवडलं नाही, पण असा गलका त्यांच्या वर्गात कधी झाला नव्हता आणि असा तासही.

ती दोघं मात्र ताणलेली दोरी धरून दोन टोकांना तशीच बसून होती. आधी तिने बोटं सैल केली. दोरी पुन्हा उघडली. लेक बाकावरून सरकत मधोमध आली आणि मग सरही आले.

“तुम्हाला येत होतं,” ती हळू आवाजात म्हणाली.

“उत्तर येत होतं.”

“उद्या सगळं गाव हसेल तुम्हाला.”

“हसू दे. माझं नाव लाव भिंतीवर. मोठ्या अक्षरात लाव, बेकरीवाल्याला चष्मा लागलाय.”

ती हसली. आवाज न करता, खाली बघून. सरांनी ते हसू डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, सरळ बघायचा धीर झाला नाही.

डॉक्टरीणबाईंना घड्याळाची आठवण झाली. त्यांनी जमिनीवरूनच हात लांब करून टेबलावरची पितळी घंटा वाजवली. गलका थांबला. सवयीने सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या. सर बसलेलेच होते. बेकरीवाल्याने थोडी वाट बघितली आणि तो पुन्हा पुठ्ठे मांडायला लागला. दाराकडे कोणी गेलं नाही.

आता पुढे जाऊन आभार मानायला हवे होते. लेकीने पाटी उचलली, दोरी बोटांवर गुंडाळली आणि बाकावर हात टेकून ती उठली. तिच्या जागेवरची ऊब सरांच्या हाताला लागली. उद्या ते फिरायला जातील तेव्हा ती येईल, कप धुऊन ठेवेल आणि जाईल, असंही होऊ शकत होतं.

“बाई,” त्यांनी हाक मारली.

ती वळली. सगळा वर्गही वळला.

“मला अजून नीट कळलं नाही,” सर म्हणाले.

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. पुढे डॉक्टरीणबाई तिची वाट बघत होत्या, काकू पुठ्ठे गोळा करता करता थांबल्या होत्या.

“कुठून नाही कळलं?”

“पहिल्यापासून.”

ती उभीच राहिली. मग डॉक्टरीणबाईंना हातानेच ‘थांबा’ अशी खूण करून ती परत बाकावर बसली आणि बोटांवर गुंडाळलेली दोरी उलगडायला लागली.